पोरं घेऊन बिझनेस क्लास: पैसे कुठं घालायचे, कुठं नाही

आमच्या सासूबाईंना तिकिटाचा आकडा कळला तेव्हा त्या कुकरचं झाकण हातात धरूनच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढ्यात दोन मुऱ्हा म्हशी आल्या असत्या की गं." खोटं नाही ते. बेळगावात बसून विचार केला की बिझनेस क्लास म्हणजे निव्वळ माज वाटतोय, आणि त्यात बरोबर चार वर्षांची थोरली आणि चौदा महिन्यांचं बारकं, म्हणजे पैसे पाण्यातच असं सगळे म्हणाले. नवऱ्याची बदली जर्मनीला झालेली, त्याचं तिकीट कंपनीनं बिझनेसचं दिलं, मग आमचं तिघांचं काय करायचं यावर आठ दिवस घरात नुस्ता गलाटा, शेवटी थोडे कार्डाचे पॉइंट, थोडे रोख असं जुळवून सगळे पुढंच बसलो. त्यानंतर आणखी दोनदा जाणंयेणं झालं. आता टिळकवाडीत नाहीतर शहापुरात कुणाची सून नातवंडांना घेऊन परदेशी जाणार असली की मला फोन येतोय, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

पोरं बरोबर असताना तुम्ही पुढच्या केबिनमध्ये एकच गोष्ट विकत घेत असताय, रात्री पाठ टेकायला सपाट जागा. जाहिरातीत दिसतंय ते बाकीचं, काचेचे ग्लास, मेन्यूकार्ड, पायात मऊ चपला, ते तुमच्या वाट्याला येत नाही, कारण एका हातात दुधाची बाटली आणि दुसऱ्या हातात पोराचा पाय असतोय. तेव्हा फ्लाइट दिवसाची असली, चार-साडेचार तासांची असली, म्हणजे बेंगळुरूहून दुबई नाहीतर सिंगापूर, तर सरळ इकॉनॉमीत जावा. रात्रीची, सात तासांच्या वरची, आणि मध्ये न थांबणारी असेल तरच पैसे घाला. हे मी शिकले ते पैसे घालवून. पहिल्या वेळी स्वस्त पडतंय म्हणून आखातात एक स्टॉप घेतला. पहाटे चारला निघालो, बारकं रडून रडून झोपलं तोवर उतरायची घोषणा, परत सिक्युरिटी, परत बूट काढा, स्ट्रोलर घडी करा, बाटली उघडून दाखवा, आणि दुसऱ्या विमानात बसलो तर बाहेर लख्ख ऊन, कोण झोपतंय मग. दोन-दोन विमानांतल्या सपाट बेडचे पैसे भरले आणि मी झोपले सगळं मिळून दीड तास.

देशातल्या देशात तर विचारूच नका. इंडिगोनं २०२४ च्या शेवटी दिल्ली-मुंबईला स्ट्रेच म्हणून पुढच्या १२ रुंद सीटा चालू केल्या, एअर इंडियाच्या छोट्या विमानांतही पुढं बिझनेस असतंय, पण तिथं सीट रुंद असते, बेड नसतोय, आणि दोन तासात पोराला रुंद सीटचं काय कौतुक. त्याला खिडकी आणि बिस्कीट.

प्रीमियम इकॉनॉमीबद्दल मात्र जरा थांबून सांगायला पाहिजे, कारण लोक तिथंच फसतात. नावात प्रीमियम आहे म्हणून मधला मार्ग वाटतोय. पण तिथल्या ट्रे आणि स्क्रीन बऱ्याच वेळा हातावर, म्हणजे आर्मरेस्टमध्ये घातलेल्या असतात, त्यामुळं तो आर्मरेस्ट वर होत नाही, आणि आर्मरेस्ट वर झाला नाही की पोरगं आडवं होत नाही. साध्या इकॉनॉमीत तीन सीटा ओळीनं घेतल्या, मधले हात वर केले, की चार वर्षांची पोरगी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पसरून झोपते. दोन मोठे दोन लहान असाल आणि बिझनेस परवडत नसेल तर प्रीमियमपेक्षा ओळीनं चार इकॉनॉमीच्या सीटा जास्त सुखाच्या. माझं हे मत ऐकून नणंदेनं तोंड वाकडं केलं होतं, मग येताना तिनं स्वतः तेच केलं.

पोराचं वय बघून ठरवा

सहा-आठ महिन्यांपर्यंतचं बाळ सगळ्यात सोपं, ऐकायला विचित्र वाटलं तरी. समोरच्या भिंतीला लावायचा पाळणा असतोय, बॅसिनेट म्हणतात, तो विमान वर गेल्यावर लावून देतात, साधारण १०-११ किलोपर्यंत चालतोय, कंपनीप्रमाणं आकडा आणि लांबी बदलते. तिकीट काढल्यावर लगेच फोन करून मागायचा, कारण अशा जागा मोजक्याच असतात आणि मागितला म्हणजे मिळालाच असं नाही. सीटबेल्टचा दिवा लागला की बऱ्याच विमानांत बाळाला उचलून घ्यायला लावतात, झोपलेलं असलं तरी, तेव्हा मनाची तयारी ठेवा. हाच पाळणा इकॉनॉमीच्या पहिल्या रांगेतही मिळतोय. म्हणजे या वयात बिझनेसची गरज बाळाला नसतेय, आईच्या पाठीला असतेय, आणि बाळंतपण सिझेरियनचं असेल तर ती गरज खरी आहे, त्यावर कुणी म्हशीचा हिशोब करू नये.

एक ते दोन वर्षं, हे खरं संकट. पाळण्यात मावत नाही, खाली बसत नाही, ऐकत नाही, आणि तिकीट मांडीवरचं. बिझनेसचं गणित इथं जुळतंय. आमचं बारकं अकरा किलोला टेकलेलं, पाळणा नाहीच म्हणाले. मग मी सीट आडवी केली, त्याला आतल्या बाजूला घेतलं, आणि कुशीवर पडून राहिले. बेड म्हणतात पण रुंदी जेमतेम दोन फूट, गाढ झोप मला लागली नाही आणि लागूही देऊ नये, पण पाठ टेकली, पाय लांब झाले, त्यानं सलग पाच तास ताणून दिली, ते पाच तास मी जन्मात विसरणार नाही. नवरा आणि मी पाळ्या केल्या, एक जागा, एक झोपलेला. परवडत असेल तर या वयातही पोराला वेगळी सीट घ्या, उडताना-उतरताना मांडीवर धरण्यापेक्षा ते सुरक्षित. फक्त आधी विचारून घ्या, कारण गाडीतली चाइल्ड सीट सगळ्या बिझनेस सीटांत बसत नाही, तिरक्या आणि कवचासारख्या सीटा असल्या तर अजिबातच नाही. केअर्स म्हणून एक पट्ट्यांचा हार्नेस मिळतोय, १० ते २० किलोच्या पोरांसाठी, तो सीटच्या पाठीमागून ओवायला लागतोय, आणि बिझनेसच्या सीटला मागं मोकळी जागाच नसते. इकॉनॉमीत छान बसतोय.

दोन पुरी झाली की सीट घ्यायलाच लागते. आणि इथं एक खाच आहे. जाताना पोरगं तेवीस महिन्यांचं आणि तिकडं असतानाच दुसरा वाढदिवस झाला, तर येताना त्याला पुरी सीट लागते. तिकीट काढायच्या आधी पोराची जन्मतारीख आणि परतीची तारीख शेजारी शेजारी लिहून बघा, खरंच लिहा, कारण तिकडून निघताना काउंटरवर ते लक्षात आलं तर त्या दिवसाच्या भावानं भरायला लागतंय.

चार वर्षांच्या वरच्यांना बिझनेस क्लास म्हणजे जत्रा. बटण दाबलं की खुर्ची हलते, यापुढं त्यांना बाकी काही नको.

सीट निवडताना

सगळ्या बिझनेस केबिन सारख्या नसतात आणि एकट्या माणसाला जी भारी वाटते ती पोरवाल्याला कामाची नसते. आजकाल एक-दोन-एक, म्हणजे खिडकीला एक, मध्ये दोन, पलीकडच्या खिडकीला एक, अशी मांडणी भारी समजतात, प्रत्येकाला दार, प्रत्येकाला कवच. चार वर्षांची पोरगी त्या कवचात बसली की तुम्हाला तिच्या केसाचा बो सुद्धा दिसत नाही. अशा विमानात मधली जोडी घ्यायची, आणि सीटमॅप नीट बघायचा, कारण काही विमानांत एका रांगेत मधल्या दोन सीटा चिकटून असतात आणि पुढच्याच रांगेत मध्ये टेबलं टाकून लांब केलेल्या असतात. याउलट जुनी दोन-दोन-दोन मांडणी, जिला बाकीचे नाकं मुरडतात, ती आई आणि पोरासाठी उत्तम, पोरगं खिडकीला, तुम्ही बाहेरच्या बाजूला, ते पळून जायला तुमच्या अंगावरूनच जायला पाहिजे. एमिरेट्सच्या जुन्या बोइंग ७७७ विमानांत दोन-तीन-दोन आहे, मधल्या तिघांत दोन मोठे आणि मधी पोर, लोक नावं ठेवतात पण आपल्याला बरं. कतार एअरवेजनं २०१७ मध्ये क्यूस्वीट आणलं, त्यात मधल्या चार सीटांमधल्या आडभिंती बाजूला करून चौघांची खोली करता येते. चौघांचं कुटुंब असेल आणि पैसे घालणारच असाल तर ते विमान आहे का बघून तिकीट काढा, सगळ्या विमानांत नाहीये ते.

मांडीवरचं बाळ असेल तर सगळ्या सीटा चालत नाहीत. डोक्यावरून जे ऑक्सिजनचे मास्क पडतात त्यात प्रत्येक भागाला जादाचा एखादाच असतोय, त्यामुळं दोन बाळं शेजारी शेजारी घेऊन बसू देत नाहीत. शिवाय काही बिझनेस सीटांच्या पट्ट्यातच एअरबॅग असते. तो पट्टा जाड, फुगीर असतोय. अशा सीटवर बाळाचा जोडपट्टा तसाच लावायचा नाही, क्रूला सांगायचं, त्या वेगळा पट्टा देतात. क्रू विसरली तरी तुम्ही विसरू नका.

आई एकटी इकॉनॉमीत पोरं घेऊन आणि नवरा पुढं कंपनीच्या खर्चानं, मधेमधे येऊन बघून जाईन म्हणतोय, असला बेत करू नका. पडद्याच्या अल्याड-पल्याड सारखी ये-जा क्रू करू देत नाही, आणि ते बरोबरच आहे. शिवाय त्यावरून पुढं वर्षभर ऐकायला लागतंय, हे नवऱ्यांसाठी सांगते.

पैशाचा हिशोब

बाहेरदेशी जाताना मांडीवरच्या बाळाला साधारण मोठ्याच्या भाड्याच्या १० टक्के पडतात, आणि ते ज्या क्लासमध्ये बसणार त्याच क्लासच्या. समजा बिझनेसचं जाऊन-येऊन भाडं दोन लाख असलं तर बाळाचे वीस हजार अधिक टॅक्स. दोन ते अकरा वर्षांच्या पोराला बऱ्याच मोठ्या कंपन्या साधारण ७५ टक्के लावतात, स्वस्तातल्या कंपन्या पुरं भाडं घेतात. जीएसटी इकॉनॉमीला ५ टक्के आहे, बाकी क्लासला २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ चा १८ टक्के झालाय, ते धरून चला.

पॉइंटवाल्यांनी एक ध्यानात ठेवा. तुमचं स्वतःचं तिकीट पॉइंटवर आलं, फुकटच पडलं म्हणून खूश होताय, तर काही कंपन्या बाळाचे १० टक्के रोख भाड्यावर लावतात, आणि बिझनेसचं रोख भाडं बघितलं की घाम फुटतोय. ब्रिटिश एअरवेज एव्हिऑसच्या, म्हणजे तिच्या स्वतःच्या पॉइंटच्या, १० टक्के घेते. एअर कॅनडाच्या एरोप्लान या पॉइंटच्या योजनेत बाहेरदेशी जायला बाळाचे २५ कॅनेडियन डॉलर नाहीतर २५०० पॉइंट, एवढंच. पॉइंट कुठल्या कार्डावरून कुठं हलवायचे हे ठरवायच्या आधी बाळाचा नियम वाचा, एकदा हलवले की सहसा परत येत नाहीत.

शेवटच्या क्षणी बोली लावून अपग्रेड मिळतंय का बघू, असं तरुण जोडप्यांनी करावं. बोली साधारण एका तिकिटावरच्या सगळ्या माणसांवर लागते, चौघं असाल तर रक्कम चौपट, आणि चार जागा एकदम शिल्लक राहतायत कुठं.

नाव, पासपोर्ट, आणि आपल्याकडचे घोळ

हे बेळगावकरांनी नीट वाचा. आपल्याकडं पोराचा जन्मदाखला कन्नड आणि इंग्रजीत येतोय, शाळेत मराठी, आधारवर आणखी तिसरंच स्पेलिंग. पाटीलचं एका कागदावर शेवटी एल आहे आणि दुसऱ्यावर नाही, असं आमच्याच घरात झालं. वर दाखल्यावर पोराचं नुस्तं नाव, वडिलांचं नाव नाही, आडनाव नाही. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा राहिला तर पुढं त्रास होतोय, नोव्हेंबर २०२२ पासून यूएई एकच नाव असलेल्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसानं येऊ देत नाही. तेव्हा हुबळीला पासपोर्टला जायच्या आधी दाखल्यावरचं नाव सरळ करून घ्या. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच मिळतोय, फोटो तान्हेपणीचा, पोरगं चार वर्षांचं झालं की इमिग्रेशनवाला फोटोकडं आणि पोराकडं आळीपाळीनं बघतोय. हसू नका त्याच्यासमोर.

आईवडिलांपैकी एकच जण पोराला घेऊन जात असेल तर दुसऱ्याचं सहीचं संमतीपत्र इंग्रजीत, जन्मदाखल्याची प्रत, दोघांच्या पासपोर्टची प्रत असं एका प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये. कुणी मागत नाही बऱ्याचदा, मागितलं आणि नसलं की मग मात्र रडू येतंय.

सांबऱ्यापासून मोठ्या विमानापर्यंत

आता खरी मारामारी. लोक दहा तासांच्या बेडवर चर्चा करतात आणि बेळगाव ते बेंगळुरू-मुंबई विसरतात. सांबऱ्याहून, म्हणजे आमच्या बेळगावच्या विमानतळावरून, एटीआर असेल तर ते पंख्याचं विमान, ७८ सीटा, बिझनेस नाही, वरचे कप्पे बारके, तुमची मोठी हँडबॅग आत जात नाही. स्टार एअरच्या एम्ब्रेअर १७५ मध्ये पुढं १२ बिझनेसच्या सीटा असतात, पण तेवढ्याशा प्रवासाला माझ्या मते गरज नाही. महत्त्वाचं ते वेगळंच आहे. लोकल तिकीट वेगळं आणि परदेशाचं वेगळं काढलं, आणि सांबऱ्याला धुक्यानं नाहीतर पावसानं उशीर झाला, तर पुढचं विमान तुमच्यासाठी थांबत नाही आणि पैसेही परत नाहीत, बिझनेसचं असलं म्हणून काय. एकाच तिकिटावर सगळं मिळत असेल तर थोडं महाग पडलं तरी घ्या. नाहीतर सरळ एक दिवस आधी निघा, तिकडं नातेवाइकाकडं राहा, पोरं झोपू देत. गोव्याहून, म्हणजे मोपाहून जाणार असाल तर चोरला घाट की आंबोली हे पोराच्या पोटाला विचारून ठरवा. आमची थोरली चोरल्याच्या तिसऱ्या वळणाला जे सुरू होते ते खाली उतरेपर्यंत, आणि त्या वासाचे कपडे घालून पुढं चकचकीत लाउंजमध्ये बसायचं.

लाउंज हे मात्र पैशाचं वसूल. बेंगळुरूच्या टी-टूमध्ये, म्हणजे दुसऱ्या टर्मिनलमध्ये, पोरांना फिरवायला झाडंबिडं लावलेली आहेत, आधी तिथं दमवून घ्या, मग लाउंजमध्ये गरम जेवण, तोंडहात धुणं, रात्रीचे कपडे. पोरांना जेवण लाउंजमध्येच घालायचं, विमानात ताट येईपर्यंत दीड तास जातोय. आणि पुढच्या क्लासवाल्यांना आधी बोलावतात म्हणून धावू नका. एकानं सगळ्या बॅगा घेऊन आधी आत जायचं, जागा लावायची, दुसऱ्यानं पोरांना बाहेर पळवत ठेवून शेवटी आत यायचं. अर्धा तास कमी कोंडतंय पोरगं.

खाऊ, आणि खसखशीचं प्रकरण

बाळाचं दूध, फॉर्म्युला, प्युरी याला १०० मिलीचा नियम लागत नाही, प्रवासाला लागेल तेवढं नेता येतंय, फक्त ट्रेमध्ये वेगळं काढून दाखवायचं. नाचणी सत्त्वाची पूड मी डब्यात नेते आणि क्रूकडून गरम पाणी घेते, थर्मॉसमधलं निवतंय. चुरमुरे नेऊ नका. एकदा डबा सांडला आणि केबिनभर सांडलेले चुरमुरे मी गुडघ्यावर बसून वेचलेत, शेजारचा सूट घातलेला माणूस पाय उचलून बसलेला.

जेवण २४ तास आधी फोन करून नाहीतर वेबसाइटवरून सांगायचं, बाळाचं वेगळं, लहान मुलांचं वेगळं. शाकाहारी असाल तर हिंदू मील निवडू नका, बऱ्याच कंपन्यांत त्यात चिकन-मटण असतंय, फक्त बीफ नसतंय. एशियन व्हेजिटेरियन मील, कोड एव्हीएमएल, ते आपलं. जैन लोकांना व्हीजेएमएल. लहान मुलांच्या मीलमध्ये बऱ्याचदा नगेट येतात, पोरगी खात नसेल तर तिलाही एव्हीएमएलच सांगा.

आज्जीनं बांधून दिलेल्या पिशवीकडं मात्र आधी बघा. कुंदा दुधाचा, आणि युरोपात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, बाळाच्या पॅकबंद फूडला तेवढी दोन किलोपर्यंत सूट आहे. आमचा पाव किलो कुंदा चौघांनी लाउंजमध्ये बसून संपवला, फेकवला नाही. आणि दुबईकडं जाणाऱ्यांनो, खसखस तिथं बंदी आहे, सिंगापूरलाही. खसखस नुस्ती पुडीतलीच धरू नका, अनारशाच्या पाठीला लागलेली खसखस, करंजीच्या सारणातली, काही करदंटातली, म्हणजे डिंक-सुक्यामेव्याच्या वडीतली, तीसुद्धा तीच. दिवाळीचा डबा पोराच्या स्ट्रोलरखाली ठेवून कस्टम्ससमोर उभं राहायचं नसेल तर घरीच उघडून बघा. सुकं खोबरंही विमानात चालत नाही, पेट घेतंय म्हणून.

विमानात

कानाचं आधी. विमानातली हवा साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असल्यासारखी ठेवलेली असते, म्हणजे उटीला असताय असं धरा. उतरताना अर्ध्या तासात उटीहून खाली येता, कानातून घशाकडं जाणारी नळी लहान पोरांची बारीक, ती गिळलं की उघडते. म्हणून दूध, बाटली, चोखायला काहीतरी हे चढताना नाही दिलं तरी एक वेळ चालेल, उतरताना पाहिजेच. खाली यायला लागलो असं कॅप्टन म्हणाला की बाळाला उठवा आणि पाजा, सपाट बेडवर गाढ झोपलंय म्हणून जीव होत नाही तरी उठवा. सर्दी किंवा कान दुखत असेल तर निघायच्या आधी डॉक्टरना दाखवा. आणि झोपावं म्हणून सर्दीचं सिरप पाजायचा सल्ला कुणी ना कुणी देतंच. आमच्या पेडियाट्रिशियननं स्पष्ट नको म्हणून सांगितलं, काही पोरं त्यानं झोपायच्या ऐवजी उलट खवळतात. दहा तास खवळलेलं पोर, बघा बाबा.

हवा लई कोरडी असते, ओठ, नाक सुकतं, पाणी सारखं पाजत राहा.

बिझनेस क्लासमध्ये इकॉनॉमीपेक्षा जास्त धोका एका गोष्टीचा असतोय आणि तो कुणी सांगत नाही. खुर्ची मोटरवर चालते. थोरलीनं बटण दाबून ठेवलं आणि पायटेका वर यायला लागला, त्याच्याखाली बारकं रांगत गेलेलं. मी किंचाळले, अख्खी केबिन उठली, क्रूची मुलगी धावत आली आणि तिनं शांतपणे खुर्ची थांबवली. काही झालं नाही, पण तेव्हापासून मी बसल्या बसल्या पोरांच्या खुर्चीचं बटण बंद करून मागते, काही विमानांत क्रूला ते लॉक करता येतंय, नाहीतर त्यावर नॅपकिन चिकटपट्टीनं लावते. खेळणं किंवा फोन खुर्चीच्या फटीत गेला तर खुर्ची हलवायची नाही, फोनची बॅटरी चेपली तर पेट घेऊ शकते, क्रूलाच बोलवायचं. तसंच चहा. पुढं चिनी मातीच्या कपात उकळता चहा येतोय, बाळ मांडीवर असताना नको म्हणा, नवऱ्याच्या टेबलावर ठेवा.

हेडफोन मोठ्या माणसांचे असतात, पोरांच्या डोक्यावरून घसरतात आणि पिन कधी दुहेरी तिहेरी असते, म्हणून घरून टॅबवर गोष्टी उतरवून त्यांचाच बारका हेडफोन न्या. रडायला लागलं तर उठून किचनजवळच्या मोकळ्या जागेत जावा, क्रू तिथं बऱ्याच वेळा पोराला घेते सुद्धा.

लोकांच्या नजरा असतात, त्या पुढं जास्त टोचतात, कारण प्रत्येकानं झोपेचे पैसे भरलेत. मलेशिया एअरलाइन्सनं तर फर्स्ट क्लासमध्ये तान्ही बाळंच बंद केली होती, २०११ मध्ये त्यावरून जगभर बोललं गेलं. आपल्याकडं इंडिगोनं २०१६ मध्ये काही रांगा बारा वर्षांखालच्यांना बंद करून शांत ठेवल्या. मला त्यात राग नाही, झोप मलाही पाहिजे होतीच की. बसल्यावर शेजारच्यांना हसून एकदा सांगते, बारकं आहे, त्रास झाला तर सांगा. त्या सूटवाल्या माणसाला पण सांगितलं होतं. तो म्हणाला, माझी नात एवढीच आहे, आणि पुढचा अर्धा तास बारक्याला चमचा वाजवून दाखवत बसला. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग तू तेव्हा तरी झोपलीस का नाही?"

उतरताना घाई करू नका, सगळे जाऊ देत. स्ट्रोलर कधी दारात मिळतोय, कधी पट्ट्यावर जातोय, चढतानाच टॅग बघून विचारून ठेवा, आणि पट्ट्यावर जाणार असेल तर झोळीचा कॅरिअर वरच्या बॅगेतच ठेवा, मोठ्या एअरपोर्टवर इमिग्रेशनपर्यंत वीस मिनिटं चालायला लागतंय आणि पोरगं नेमकं तेव्हाच गाढ झोपतंय. निघताना खुर्चीच्या सगळ्या फटीत हात घालून बघा. आमचा एक निळा मोजा अजून तिकडंच कुठंतरी उडतोय.